संकोचाची वही

बहिणाबाई चौधरी यांच्या कवितांची वही आचार्य अत्रे यांच्या हाती कशी आली, ही हकीकत मराठी वाचकांस परिचित आहे. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगाव येथे निवर्तल्या. त्यानंतर त्यांचे चिरंजीव, कवी सोपानदेव चौधरी, यांनी आईच्या गाण्यांची वही अत्र्यांना दाखविली. अत्रे ती वाचून हरखून गेले आणि त्यांच्याच प्रस्तावनेसह १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' हा संग्रह प्रसिद्ध झाला. ही हकीकत सांगताना आपण बहुधा अत्र्यांच्या रसिकतेचे कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. मात्र आमचे मन त्या हकिकतीतील एका लहानशा गोष्टीपाशी अडते. सोपानदेवांनी ती वही संकोचत दाखविली होती. आई निरक्षर, शेतात राबणारी, तिचे बोलणे खानदेशी. ते उर्वरित महाराष्ट्रास रुचेल काय, अशी शंका त्यांच्या मनात होती.

सोपानदेव हे काही अडाणी गृहस्थ नव्हते. ते स्वतः नावाजलेले कवी होते. आईची गाणी कानावर पडताच ती टिपून ठेवण्याचे काम त्यांनी व त्यांचे आप्त पितांबर चौधरी यांनी केले होते. त्या गाण्यांचे मोल त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास कळले असणार? तरीही वही पुढे करताना हात अडखळला. हा संकोच कोठून आला, तो अजून गेला आहे काय, आणि खानदेशच्या मातीतून आलेल्या साहित्याने त्याला कोणते उत्तर दिले, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम प्रदेशाविषयी थोडे. जुन्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. पुढे पूर्व खानदेश जळगाव या नावाने आणि पश्चिम खानदेश धुळे या नावाने ओळखला जाऊ लागला. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा वेगळा झाला. उत्तरेस सातपुडा, मधून वाहणारी तापी, कापसाची काळी जमीन, रावेर-यावलकडील केळीच्या बागा आणि भुसावळचे मोठे रेल्वे जंक्शन, असे या प्रदेशाचे रूप आहे. गुजरात व मध्य प्रदेश यांच्या शेजाराने येथील बोलण्यास स्वतःचे वळण लाभले आहे. ग्रिअर्सन यांनी आपल्या भाषा-पाहणीत खानदेशीचा विचार मराठीबरोबर न करता भिल्ली भाषांबरोबर केला. २०११ च्या जनगणनेतही खानदेशी ही मराठीहून वेगळी मोजली गेली, आणि ती आपली मातृभाषा म्हणून सांगणाऱ्यांची संख्या १८ लाखांहून अधिक भरली.

खानदेशात बोली एकच आहे असेही नाही. धुळे, साक्री, शिरपूर या बाजूस अहिराणी चालते. तेथे 'तुझे नाव काय आहे?' हे 'तुन्हं नाव काय शे?' असे विचारतात. पूर्वेकडे जळगाव, यावल, रावेर या भागात लेवा समाजाची बोली आहे. तिच्यात 'ळ'चा 'य' होतो. डोळे ते डोये, केळी ते केयी, शाळा ती शाया. बहिणाबाईंची गाणी या दुसऱ्या बोलीतील आहेत. तरी पुण्या-मुंबईच्या सभांमधून 'बहिणाबाईंची अहिराणी' असा उल्लेख आम्ही अनेकदा ऐकला आहे. उल्लेख करणाऱ्याच्या मनात आदरच असतो. पण ज्याचा गौरव करावयाचा त्याची भाषा कोणती, हे विचारून घेण्याचीही गरज वाटू नये, अशा आदरात थोडे दुर्लक्ष मिसळलेले असते. 'तिकडचे सगळे सारखेच' असे म्हणण्याचाच तो एक सौम्य प्रकार होय.

आता एक तुलना करून पाहू. मराठी घराघरांत ज्या दोन माउलींस मान आहे, त्यांपैकी एक श्यामची आई व दुसरी बहिणाबाई. साने गुरुजींचा जन्म १८९९ मध्ये कोकणात पालगड येथे झाला. १९२४ मध्ये ते खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून आले व १९३० पर्यंत तेथे राहिले. कोकणातला हा माणूस खानदेशात परका होता. पण छात्रालयातील मुलांच्या खोल्या झाडीत, त्यांचे कपडे धूत, तो त्यांचा झाला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती लिहून घेणारा हातही गुरुजींचाच. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. १९३५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. आपल्या साध्यासुध्या, दरिद्री आईविषयी महाराष्ट्रास सांगताना गुरुजींची लेखणी कोठेही संकोचली नाही. सोपानदेवांचा हात मात्र संकोचला.

दोघेही मातृभक्त आणि दोघेही कवी मनाचे. मग हे अंतर का? आमच्या मते उत्तर भाषेत आहे. श्यामची आई पुस्तकात जे बोलते ते शाळेच्या क्रमिक पुस्तकातील मराठीच्या जवळचे आहे. तिच्या दारिद्र्याची लाज वाटण्याचे कारण नव्हते, कारण दारिद्र्य सुशिक्षितांच्या घरीही होते. बहिणाबाईंचे दारिद्र्य व कष्ट क्षम्य ठरले असते. परंतु त्यांचा 'डोया' अशुद्ध ठरला असता. गरिबीस सहानुभूती मिळते, बोलीस हसू मिळते. मुलगा हे आधीच जाणून होता. म्हणून कोणी हसण्यापूर्वीच तो ओशाळला. पूर्वग्रहाचे सर्वांत मोठे यश हेच, की पुढे पुढे हसणाऱ्याची गरजच उरत नाही.

येथे आम्हास आमचा एक अपराध सांगितला पाहिजे. त्याविना हा लेख प्रामाणिक होणार नाही. आम्ही गुरुविद्यालयात शिकत असताना आमच्या वर्गात यावलकडील एक विद्यार्थी होता. त्याचे वडील रेल्वेत खलाशी होते. एका संध्याकाळच्या प्रार्थनेत वाचनाची पाळी त्याची होती. भावाच्या डोळ्यातील कुसळ पाहणारा आणि स्वतःच्या डोळ्यातील मुसळ न पाहणारा, हा तो शुभवर्तमानातील उतारा. त्याने 'डोया' असे वाचले, एकदा नव्हे, तीन-चार वेळा. मागच्या बाकावर हसू फुटले. त्या बाकावर आम्हीही होतो. पुढच्या पाळीस त्याने घसा धरल्याचे सांगितले, आणि त्यानंतर वर्षभर त्याचा घसा धरलेलाच राहिला. उताऱ्याचा अर्थ आम्हा हसणाऱ्यांपैकी एकाच्याही ध्यानात आला नाही. याहून लाजिरवाणी गोष्ट अशी, की आम्ही स्वतः वसईचे. आमच्या घरी आजी सामवेदी बोलत असे, आणि ती आम्हास भेटावयास आली की आम्ही तिला हळूच बाजूला नेऊन बोलत असू. त्या मुलावर आम्ही हसलो, कारण तो हसण्याचा विषय असेपर्यंत आम्ही सुरक्षित होतो.

हा प्रसंग मनात ठेवून आम्ही भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' पुन्हा वाचली. नेमाडे यांचा जन्म १९३८ चा, खानदेशातील सांगवी येथील. 'कोसला' १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा लेखक जेमतेम पंचविशीचा होता. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर खानदेशातील खेड्यातून शिक्षणासाठी पुण्यास येतो. वसतिगृहात राहतो, मंडळांचे व मेसचे कारभार अंगावर घेतो, वडिलांचे पैसे उडवतो, परीक्षेत अपयशी होतो आणि गावी परततो. धाकटी बहीण मनी हिच्या मृत्यूचा भाग तर वाचताना आजही पुस्तक खाली ठेवावे लागते. या कादंबरीचा विचार करताना समीक्षकांनी कामू, सॅलिंजर यांची नावे घेतली आणि आधुनिक मनुष्याचे तुटलेपण असे तिचे मर्म सांगितले. ते चूक आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु जो मुलगा सांगवीहून पुण्यास गेला त्याच्या तुटलेपणाचे मूळ शोधण्यास पॅरिस वा न्यूयॉर्कपर्यंत जाण्यापूर्वी भुसावळ स्थानकावर उतरून पाहावयास हरकत नव्हती.

पांडुरंग पुण्यात गरीब म्हणून परका नाही. त्याच्या वडिलांची शेती चांगली आहे. बुद्धीतही तो उणा नाही. त्याची अडचण निराळी आहे. ज्या नगरीत तो आला आहे तेथील लोकांस काय बोलावे, कशावर हसावे, कशाचे कौतुक करावे, हे जन्मतःच ठाऊक आहे. त्याला मात्र ते शिकून घ्यावे लागते, आणि शिकून घेतल्यावर ते पोकळ आहे असे त्याच्या ध्यानात येते. त्याच्या बोलण्यात सारखे येणारे 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ' हे शब्द वाचकांनी चेष्टेवारी नेले. आम्हास ते एका सावध माणसाचे शब्द वाटतात. गंभीरपणे काही म्हटले तर कोणी हसेल, म्हणून वाक्याच्या शेवटी आपणच 'वगैरे' म्हणून हसून घ्यावयाचे. सोपानदेवांनी संकोचाने वही मागे धरली. पांडुरंगाने संकोचाचीच शैली केली. मराठी गद्यात ही मोठी घटना होती, कारण तोवर प्रमाण भाषेच्या उंबऱ्याबाहेर थांबलेला माणूस प्रथमच घरमालकांची नक्कल करीत आत आला.

तथापि या उत्तरास मर्यादा आहे, आणि ती नेमाड्यांनी लपविलेली नाही, हे त्यांचे मोठेपण. पांडुरंग गावी परततो तेव्हा गावही त्याचे राहिलेले नसते. जो उपहास त्याने पुण्यात कमावला तो आता वडिलांवर, गावकऱ्यांवर, स्वतःवर चालतो. उपहास हे परक्या गावी स्वतःचा बचाव करण्याचे साधन आहे. त्यावर घर चालत नाही. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी मुले बाहेर पाठविलेल्या आमच्या वाचक-कुटुंबांस हा अनुभव नवा नसावा. सुट्टीस घरी आलेला मुलगा प्रत्येक गोष्टीस नाक मुरडतो, तेव्हा आपण त्यास उद्धट म्हणतो. तेथे त्याला कोण व कशावरून हसले, हे आपण विचारीत नाही.

पुढील चार कादंबऱ्यांत, म्हणजे 'बिढार' व 'हूल' (१९७५), 'जरीला' (१९७७) आणि 'झूल' (१९७९) यांमध्ये, नेमाड्यांनी हा प्रश्न अधिक रुंद केला. बिढार म्हणजे पाठीवर घेऊन हिंडावयाचा संसार. चांगदेव पाटील हा इंग्रजीचा प्राध्यापक मुंबई सोडून एका गावातून दुसऱ्या गावी नोकरी करीत फिरतो. प्रत्येक ठिकाणी त्यास पहिल्या दिवशीच एक अदृश्य प्रश्न विचारला जातो: तू कोणाचा? जात कोणती, गट कोणता, कोणाच्या वशिल्याने आलास? येथे पुण्याचा अहंकार नाही, महानगराचा झगमगाट नाही. हे आपल्यासारख्यांचेच छोटे गाव आहे, आणि तरीही बाहेरून आलेल्यास ते तितकेच कठोर आहे. ज्यांना पुण्याने परके मानले तेच आपल्या गावात आलेल्यास परके मानतात. या चार पुस्तकांचे हे सत्य आम्हास 'कोसला'हून अधिक बोचते.

नेमाड्यांच्या विचारपद्धतीविषयी आमचा मतभेदही येथेच नोंदवितो. आपल्या मातीतील परंपरेस प्रमाण मानावे, हा त्यांचा देशीवाद. १९९१ मध्ये 'टीकास्वयंवर'साठी साहित्य अकादमीचा आणि २०१४ साठीचा ज्ञानपीठ हे पुरस्कार त्यांना मिळाले. त्यांच्या विचाराने ग्रामीण लेखकाची मान ताठ केली, हे निर्विवाद आहे. परंतु 'आपली माती' असे म्हणताना 'आपली' या शब्दात कोण येतो? धुळे-नंदुरबार भागात काही वर्षे काम करीत असताना आम्ही पाहिले, की पुण्यात ज्याच्या अहिराणीस हसले जाते, तोच आठवड्याच्या बाजारात सातपुड्यातून उतरलेल्या भिल्ल-पावरा माणसाच्या बोलण्यास हसतो. त्याच भागातील भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा संग्रह १९८७ मध्ये आला. त्यांच्या 'स्टेज' या कवितेत, आपलेच दुःख व्यासपीठावरून दुसरा कोणी सांगतो व आपण खाली बसून ऐकतो, या स्थितीची व्यथा आहे. खानदेशच्या अस्मितेचा विचार करताना ही कविता 'कोसला'शेजारी ठेवून वाचली पाहिजे. तसे केले म्हणजे कळते, की परकेपण ही एका प्रदेशाची मिरासदारी नसून एक उतरंड आहे, आणि आपण तिच्यात कोणाच्या तरी डोक्यावर बसलेले आहोत.

येथून पुन्हा बहिणाबाईंकडे वळावेसे वाटते. त्यांचा जन्म १८८० चा, जळगावजवळच्या आसोदे या गावचा. लग्न होऊन त्या जळगावी चौधरींच्या घरी आल्या. अंतर दोन-तीन कोसांचे. पण सासर-माहेरातील अंतर कोसांत मोजत नाहीत. स्थलांतराची चर्चा करताना आपण नोकरीस गेलेल्या पुरुषाची करतो. प्रत्येक घरातील सून ही स्थलांतरितच असते, हे विसरतो. तिचेही बोलणे, स्वयंपाक, रीत यांवर नव्या घरात हसू होते. बहिणाबाईंनी पुढे वैधव्य सोसले, घराचा भार वाहिला. पण त्यांच्या गाण्यात संकोच औषधालाही नाही. जाते, चूल, विहिरीची मोट, शेतातील पीक यांच्याशी त्या थेट बोलतात, आणि ज्या शब्दांनी रोजचे काम चालते त्याच शब्दांत मन, जन्म-मरण, देव यांचा विचार करतात. त्यांच्यापुढे श्रोता म्हणून महाराष्ट्र नव्हता; म्हणून महाराष्ट्र काय म्हणेल, ही भीतीही नव्हती. भीती दुसऱ्या पिढीत आली, जी शिकली व बाहेर गेली. शिक्षणाने मुलास वही दिली आणि त्याबरोबर संकोचही दिला. मात्र न्यायाने हेही म्हटले पाहिजे, की त्याच शिक्षणाने ती गाणी टिपली गेली, आणि संकोच वाटूनही मुलाने वही शेवटी पुढे केली. आम्ही गुरुविद्यालयात तेवढेही केले नाही.

आज परिस्थिती पालटली आहे असे कोणी म्हणेल. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास २०१८ मध्ये बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. मराठी साहित्य संमेलन १९४४ मध्ये धुळ्यास, १९५२ मध्ये अमळनेरास, १९८४ मध्ये जळगावास आणि २०२४ मध्ये पुन्हा अमळनेरास भरले. डॉ. रमेश सूर्यवंशी यांच्यासारख्या अभ्यासकांनी अहिराणीचा शब्दकोश सिद्ध केला. या सर्व गोष्टींचा आम्हास आनंद आहे. पण सन्मान व्यासपीठावर होतो आणि हसू वर्गात फुटते. नाशिक, पुणे, मुंबई, सुरत येथे खानदेशातून गेलेली हजारो कुटुंबे आहेत. त्यांच्या मुलांनी शाळेत 'शे' म्हटल्यावर काय होते, हे विद्यापीठाच्या नावावरून कळत नाही. २०२० मध्ये उस्मानाबादच्या संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना मिळाले तेव्हा, आयुष्यभर मराठीत लिहिलेल्या त्या वसईच्या धर्मगुरूसही 'हे कसे काय अध्यक्ष?' असा प्रश्न काहींनी केलाच होता. त्या वेळी आपण सर्व दुखावलो होतो. त्या दुखावण्याचा उपयोग, दुसऱ्याचे दुखणे ओळखण्यासाठी व्हावयास हवा होता. तो कितपत झाला, हे प्रत्येकाने आपल्या धर्मग्रामात नव्याने आलेल्या कुटुंबाकडे पाहून ठरवावे. ते कुटुंब मिस्सा संपल्यावर दाराशी कोणाशी बोलत उभे असते, की कोणाशीही न बोलता सरळ घरी जाते?

समीक्षेच्या लेखाचा शेवट उपदेशाने करू नये, हे आम्ही जाणतो. म्हणून उपदेशाऐवजी या त्रैमासिकाच्या संपादकांस एक विनंती करतो. दर अंकात दोन पाने बोलींसाठी ठेवावीत: सामवेदीसाठी, वाडवळीसाठी, अहिराणीसाठी, लेवा बोलीसाठी, भिल्लीसाठी. घरातील वडीलधाऱ्यांची गाणी, म्हणी, आठवणी मुलांनी टिपून पाठवाव्यात, आणि त्यांतील एकही अक्षर 'शुद्ध' करू नये. पहिले लिखाण आम्ही आमच्या आजीचे पाठवू. तिची दोन गाणी आम्हास अजून येतात. वर्गातील त्या मित्राचा पत्ता आम्ही शोधीत आहोत. मिळाल्यास दुसरे लिखाण त्याच्याकडून मागवू. तो पाठवील की नाही, सांगता येत नाही. न पाठविण्याचा त्यास पूर्ण अधिकार आहे.